कर्जत तालुक्यातलं बेट

सुट्टीत कुठे जाणार, असं आमच्या मोठ्या बाईंना कोणी विचारलं की त्या "बेटावर" म्हणायच्या, आणि समोरचा हसला तर त्याला पोटभर हसू द्यायच्या. नगरच्या मिशन कंपाउंडमधल्या मुलींच्या शाळेत मी शिक्षिका म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी हा प्रश्न विचारला होता. कोणत्या बेटावर, असंही पुढे विचारलं. बाईंनी कपाटातून नकाशांचं पुस्तक काढलं, कोकणपट्टीच्या पानावर बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "आता बोट उचलते, नीट बघ." त्यांनी बोट उचललं. निळ्या समुद्रात मला मोहरीएवढा एक ठिपका दिसला. ते खरंच बेट होतं की पानावर माशी बसून गेली होती, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

लढाईचे दिवस होते. रॉकेल मोजून मिळायचं आणि नगरच्या रस्त्यांवर लष्कराच्या गाड्यांनी धुरळा उठलेला असायचा. अशा दिवसांत चांगली पिकलेल्या केसांची बाई, जिने आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही, ती बेटावर सुट्टी काढायचं मनावर घेते, याचं मला फार नवल वाटायचं. मी मूळची शेवगावकडची. आमच्याकडे सुट्टी म्हणजे आजोळी जाणं, आणि तिथे जाऊन आईच्या बहिणींच्या तक्रारी ऐकणं. निव्वळ एका जागी जाऊन बसायचं, हे मला नवं होतं.

"तिथे जाऊन करणार काय?" मी विचारलं.

"काही नाही," बाई म्हणाल्या. "त्याचीच तयारी चाललीय."

बाई शाळेच्या मुख्याध्यापिका, आणि वसतिगृहही त्यांच्याच अंगावर. त्यांची खोली म्हणजे मुलींच्या लांबलचक दालनाच्या टोकाला पार्टिशन घालून केलेला कोपरा. त्याला दार होतं, कडी नव्हती. कडी लावून घ्या, असं मी एकदा सुचवलं तर म्हणाल्या, "लावली तर दारही वाजवतील आणि पार्टिशनही." पहाटेपासून त्यांच्या नावाचा पुकारा सुरू व्हायचा. बाई, हिला ताप आलाय. बाई, धोबी आला. बाई, हिने माझी वेणीची फीत घेतली. हे सगळं त्या न चिडता निस्तरायच्या. चिडल्या की त्यांचा आवाज उलट खाली जायचा, आणि मग मुली आपण होऊन गप्प बसत.

आईबाप त्यांना आठवत नव्हते. मोठ्या दुष्काळात कोणीतरी त्यांना मिशनच्या फाटकाशी सोडून गेलं, तेव्हा त्या जेमतेम बोलत होत्या. अनाथाश्रमातून वसतिगृहात, वसतिगृहातून ट्रेनिंग कॉलेजात आणि तिथून पुन्हा वसतिगृहात, असं त्यांचं आयुष्य एका दालनातून दुसऱ्या दालनात गेलेलं. कोणी जात विचारली, आणि त्या काळी लोक बिनदिक्कत विचारत, तर त्या "ती दुष्काळात हरवली" असं सांगत. सांगण्याचा सूर असा असे की विचारणाऱ्यालाच ती शोधून द्यावी लागते की काय अशी भीती वाटावी.

त्यांचं एक वेड मात्र शाळाभर प्रसिद्ध होतं. कोणतीही गोष्ट त्या तालीम केल्याशिवाय करत नसत. इन्स्पेक्टर येणार असले की स्वयंपाकाच्या मावशींना खुर्चीवर बसवून, डोक्यावर हॅट ठेवून, त्यांच्यापुढे सगळे वर्ग हजर करायच्या. मावशी त्या भूमिकेत इतक्या रमायच्या की एकदा त्यांनी चौथीच्या वर्गाला नापास करून टाकलं होतं. बाईंना एकदा दौंडला रेल्वेने जायचं होतं, तर आदल्या दिवशी त्या ट्रंक घेऊन व्हरांड्यातल्या बाकावर दिवसभर बसल्या. वाटेत काय लागतं, कुठे पाय आखडतात, सगळं त्यांनी बसून पाहिलं आणि संध्याकाळी ट्रंकेतून छत्री काढून जास्तीचा टॉवेल घातला. "आधी तालीम, मग घोळ," असं त्या म्हणायच्या. घोळ चुकत नाही, हे त्यांना मान्य होतं. फक्त तो आधी एकदा बघून घ्यावा, एवढंच त्यांचं म्हणणं.

तेव्हा बेटाचीही तालीम झालीच. मे महिन्याच्या सुट्टीत बहुतेक मुली घरी गेल्या, ज्यांना घर नव्हतं त्या राहिल्या. बाईंनी गोठ्यामागच्या कडुलिंबाखाली बाज टाकून घेतली आणि खो-खोच्या मैदानासाठी आणलेल्या फक्कीने बाजेभोवती मोठं गोल रिंगण आखलं. रिंगणाच्या आत बेट, बाहेर समुद्र. बाई आत असेपर्यंत कोणी आत यायचं नाही आणि हाक मारायची नाही, असं सगळ्यांना बजावलं. मला त्यांनी किनाऱ्यावर नेमलं होतं, म्हणजे गोठ्याच्या पायरीवर.

दुपारपर्यंत बरं चाललं होतं. मग मावशी कोठीची किल्ली मागायला आल्या. हाक मारायची नाही म्हटल्यावर त्या रिंगणाच्या काठावर उभ्या राहून मोठमोठ्याने खोकू लागल्या. बाईंनी किल्ली फेकली. मग धाकट्या मुली आल्या. त्या समुद्रात हात मारत पोहत होत्या, आणि पोहणारीला अडवायचं कोणत्या नियमाने, हे कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळकसाहेब काहीतरी बोलत बोलत आले ते थेट बाजेपर्यंत. बाईंनी त्यांच्या बुटांकडे पाहिलं.

"पाळकसाहेब, तुम्ही बुडालात," त्या म्हणाल्या.

पाळकसाहेब घाबरून चार पावलं मागे सरले आणि मग आपण का सरलो म्हणून माझ्याकडे बघू लागले. बाईंनी बाज उचलून घेतली. "फक्कीचा समुद्र चालत नाही," एवढंच त्या म्हणाल्या. "खरंच पाणी पाहिजे."

त्या दिवशी मला त्यांच्या बेटाचा पहिल्यांदा थोडा अंदाज आला. संध्याकाळी मी मुद्दाम विषय काढला. तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. खाली मान घालूनच म्हणाल्या, "भूगोलात आपण शिकवतो ना, चारी बाजूंनी पाणी असलेला जमिनीचा तुकडा म्हणजे बेट. मी लहान असताना ते पाठ केलं, तेव्हा मला एकच कळलं, की तिथे चालत कोणी येऊ शकत नाही. मला एकदा, एक आठवडाभर, एकटीने राहून बघायचंय. मला मी एकटी असताना कशी असते, ते माहीतच नाही." हे त्यांनी अगदी साध्या सुरात सांगितलं. मीही भाजी निवडायला घेतली.

समुद्राचं बेट लढाईने बुडवलं. किनाऱ्यावरच्या प्रवासी बोटी सरकारने ताब्यात घेतल्या होत्या आणि उरलेल्या कधी सुटतील याचा नेम नव्हता. बाई खचल्या नाहीत. नकाशाचं पुस्तक कपाटात गेलं, पण सुट्टीत कुठे जाणार या प्रश्नाचं उत्तर तेच राहिलं. मग पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दोघी कर्जत तालुक्यात, मिरजगावच्या पुढे एका खेड्यात मिशनची शाळा तपासायला गेलो. त्या गावाबाहेर दुष्काळी कामावर बांधलेलं एक तळं होतं. तळं म्हणजे मातीचा बांध आणि आत भेगाळलेला गाळ, पाण्याचं नाव नाही. मधोमध एक टेकाड वर आलेलं, त्यावर एक बाभूळ आणि एक सपाट शिळा. बाई बांधावर थबकल्या आणि बराच वेळ टेकाडाकडे बघत राहिल्या.

"हेच," त्या म्हणाल्या.

"बाई, यात पाणी नाहीये."

"पाणी येईल. बेट तयार आहे."

गावचे पाटील आमच्याबरोबर होते. मोठी शेती, मोठं कुटुंब, मिशाही त्याच मापाच्या. पण माणूस मऊ होता. बाईंनी त्यांना विचारलं, तळं भरल्यावर टेकाडाचं काय होतं.

"पानी बेतानं झालं तर त्येवढं वर ऱ्हातं की," पाटील म्हणाले. "मग तितं शेरडूबी जात न्हाई. पर तुमाला कशापायी?"

"मला तिथे राहायला जायचंय."

"तितं काय हाय?"

"काही नाही."

"मग?"

"म्हणूनच."

पाटलांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर सारखा केला.

त्यानंतर बाई पावसाची वाट बघू लागल्या. नगर जिल्ह्यात पावसाची वाट कोण बघत नाही, त्यामुळे त्यात कोणाला वेगळं काही वाटलं नाही. तिकडून कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार यायची, तिच्यातून उतरणाऱ्या बाजारकऱ्यांना त्या गाठायच्या. लोक एकमेकांना बाजरीचं विचारत, बाई विचारत, "टेकाड किती उरलं?" पहिल्या वर्षी सगळंच उरलं, कारण तळ्यात पाणीच आलं नाही. दुसऱ्या वर्षी इतकं पाणी झालं की टेकाड बाभळीच्या शेंड्यापर्यंत बुडालं. सगळा तालुका आनंदात होता आणि आमच्या बाई सुतकी चेहऱ्याने फिरत होत्या. पाऊस चांगला झाला म्हणून तोंड पाडून बसलेलं माणूस आमच्या जिल्ह्यात मी तेवढं एकच पाहिलं.

तिसऱ्या वर्षी मात्र जमलं. परतीच्या पावसाने तळं भरलं, आणि दिवाळी झाल्यावर पाटलांचा निरोप आला की टेकाड उघडं आहे. बाईंची तयारी केव्हाचीच झालेली होती. शाळेच्या संमेलनाचा जुना पडदा तंबू म्हणून घेतला होता. त्यावर राजवाडा रंगवलेला होता, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला त्या राजवाड्यात राहतात असं वाटलं असतं. स्टो, चहा, पीठ, छत्री, बायबल आणि पिण्याच्या पाण्याचा हंडा. चहूकडे पाणी असताना हंडा कशाला, असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, "आपण नगरचे. आपण पाणी घेतल्याशिवाय पाण्यावरही जात नाही." वसतिगृहाकडे बघायला त्यांनी दुसऱ्या शिक्षिकेला नेमलं आणि रविवारी संध्याकाळी परत येईन, सोमवारी शाळेची घंटा मीच देईन, असं सांगितलं. मी बरोबर जायचं, पण किनाऱ्यावरच राहायचं. माझी सोय गावातल्या आमच्या ख्रिस्ती मास्तरांच्या घरी केली होती.

बेटावर जायला होडी कुठली. पाटलांनी आपल्या गुऱ्हाळातली गूळ शिजवायची लोखंडी काहील आणवली होती. ती पाण्यावर ठेवायची, आत माणसाने बसायचं आणि पोहणाऱ्या गड्याने ढकलत न्यायची. आमच्याकडे पुराच्या वेळी माणसं अशीच नदी उतरतात, पण बाईंनी ते पाहिलेलं नव्हतं आणि तालीमही झालेली नव्हती. काहील वल्हवता येत नाही, ती गोल गोल फिरते. बाई मधोमध ट्रंकेवर ताठ बसून, छत्री उघडून निघाल्या. एकदा त्यांचा चेहरा आमच्याकडे यायचा, एकदा पाठ. असं फिरत फिरत त्या टेकाडाला लागल्या. गडी काहील घेऊन परत आला. आणि मग त्या पलीकडे खरोखर एकट्या उरल्या.

मला फार बरं वाटलं. मी बांधावरच्या दगडावर बसून बघत होते. बाईंनी पडदा बांधला, शिळा झाडली आणि पाण्याकडे तोंड करून बसल्या.

पण गावाला ते बघवेना. दुपारपर्यंत बांधावर निम्मं गाव जमलं. कोणी म्हणालं, बाईंनी नवस केलाय. कोणी म्हणालं, मिशनच्या मडमनं शाळेतून काढून टाकलीया. एका बाईने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "कुनाशी भांडून आल्यात का?" काही नाही, त्यांना एकटं बसायचंय, असं मी सांगितलं तर तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू भांडणात माझाच हात असावा. मग लोक हाका मारू लागले. "बाई, बरं हाय न्हवं?" बाई उत्तर देईनात, म्हणून काळजी वाढली, आणि हाकाही वाढल्या. शेवटी बाईंनी छत्री वर करून हलवली. गाव थोडं गप्प झालं.

उन्हं कलली तसे पाटील अस्वस्थ झाले. "येकटं बाईमानूस," ते म्हणाले. "रातीला सोबत नगं?"

या सोबतीचा मला विसर पडला होता. आमच्याकडे खेड्यात कोणी बाई घरात एकटी असली की शेजारपाजारची एखादी म्हातारी रात्रीची निजायला जाते. बोलवावं लागत नाही, नको म्हणायची पद्धत नाही. मी नको म्हणाले. बाई त्यासाठीच तर तिथे गेल्यात, असं परोपरीने सांगितलं. पाटलांना ते ऐकून वाईट वाटलं. "आमच्या गावात आलेलं मानूस आमी असं उघड्यावर टाकलं म्हनून लोक तोंडात शेन घालतील," ते म्हणाले, आणि घरातल्या एका मोलकरणीला हाक मारली.

तेवढ्यात पाटलांची आई पुढे आली. ती म्हातारी सकाळपासून बांधावर होती, पण तोंडातून शब्द काढला नव्हता. घरचं सगळं तिच्या हुकमाने चालायचं. मुलगे, सुना, नातवंडं, गडी, सगळे दिवसभर "आये, आये" करत तिच्यामागे असत.

"मी जाती सोबतीला," ती म्हणाली.

"आये, आगं तू? ह्या वयात काहिलीत बसून?"

"काहील माज्या म्हायेरची हाय. तुज्या आदी मी बसलीया तिच्यात."

आणि ती गेली. बरोबर आपल्या पाण्याची चरवी आणि फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन, कारण परक्या हातचं पाणी ती घेत नसे. काहील टेकाडाला लागली तेव्हा बाई उठून काठाशी आल्या. दोघी काहीतरी बोलल्या. बाईंचे हात घडी घातलेले होते ते खाली आले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांची ती वाट बघणं, आणि त्यातली जेमतेम एक दुपार पदरात पडली होती. मला त्या सबंध गावाचा राग आला, आणि त्यांनी सगळं मायेपोटीच केलं होतं म्हणून जास्तच आला.

दुसऱ्या दिवशी बघते तर टेकाडाच्या एका टोकाला बाई बसलेल्या, दुसऱ्या टोकाला म्हातारी. दोघींच्या पाठी एकमेकींकडे. दिवसभर त्यांत फरक पडला नाही. सोबतीला गेलेलं माणूस बोलतं, हसतं, सुखदुःखाचं विचारतं. पाटील म्हणाले, "आयेचं काय बिनसलं म्हनायचं?" मला वाटलं, बाई तिला काही टाकून बोलल्या असाव्यात.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी छत्री हलवून काहील मागवली. काहिलीतून आल्या बाई, त्यांची ट्रंक आणि रिकामा हंडा. म्हातारी नव्हती. पडदा तिथेच होता.

"आये?" पाटील म्हणाले.

"त्या रविवारी येतील," बाई म्हणाल्या. आणि गड्याकडून काहील काठावर ओढून घेतली, पालथी घातली आणि तिच्यावर बसल्या.

काय झालं ते त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं. पहिल्या संध्याकाळी म्हातारीने उतरल्या उतरल्या सांगितलं होतं, "बाई, तुमी तिकडं तोंड करून बसा, मी हिकडं बसती. मलाबी काय बोलायचं न्हाई." बाईंना आधी ते शिष्टाचाराचं बोलणं वाटलं. पण म्हातारी खरंच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर उठून आली आणि बाईंनी केलेला चहा मागून घेतला. "हे गावात बोलू नकोस," बाई मला म्हणाल्या. चहा पिऊन म्हातारीने विचारलं, तुमी किती दीस हाय हितं. रविवारपर्यंत, बाई म्हणाल्या.

"त्यावर त्या म्हणाल्या," बाई सांगू लागल्या, "हितं दोगी म्हंजे गर्दीच हुती. लगीन हून आल्यापासनं मी येकटी कवा बसलेच न्हाई, बाई. न्हानीत गेले तरी सुना दारात हुब्या. तुमचं बघितलं आन् मला वाटलं, आसंबी करता येतंय व्हय. तुमी फुडल्या सालाला याल. माजा काय भरवसा."

"आणि तुम्ही निघून आलात?"

"दुसरं काय करणार," बाई म्हणाल्या. "मी नको म्हटलं असतं तर ती उठून गेली असती. मग मी तिथे बसून तिचाच विचार केला असता."

पाटलांना हे काही पटलं नाही. त्यांची आई, म्हातारं माणूस, रात्रीबेरात्री काय झालं तर. सोबतीला मोलकरीण पाठवतो, काहील द्या. बाई उठल्या नाहीत. त्यांचा आवाज खाली गेला.

"सोबत मी आहे," त्या म्हणाल्या. "मी इथून बघतेय."

"बाई, माजी आय हाय ती."

"म्हणून तर तुम्हाला सांगतेय. तिला हाक मारू नका."

पाटील काही परक्या बाईमाणसाला हात धरून उठवू शकत नव्हते. त्यांनी गड्याला हुकूम केला, पोहत जा आणि आयेला बोलावून आण. गड्याने टेकाडाकडे पाहिलं, मग बाईंकडे. "म्हातारी हानंल मला, मालक," तो म्हणाला. पाटील थोडा वेळ मिशा चावत उभे राहिले आणि मग शेजारच्या दगडावर बसले. दिवसातून एकदा गड्याने डोक्यावर भाकरी बांधून पोहत जायचं, काठावर ठेवायची आणि तोंड न उघडता परत यायचं, असं शेवटी बाईंनी ठरवून दिलं.

तो उरलेला आठवडा बाई त्या पालथ्या काहिलीवर होत्या. जेवायला उठल्या की मला बसवायच्या, रात्री मास्तरांच्या बायकोला घेऊन बांधावरच पथारी टाकायच्या. सुना यायच्या आणि पाण्यापलीकडे ओरडायच्या, "आत्याबाई, हरभऱ्याचं बी कंच्या कनगीतलं काडू?" बाई त्यांना गप्प करायच्या आणि म्हणायच्या, तुमच्या मनाने काढा. मोठी सून घाबरत घाबरत घरी गेली आणि काढलं. म्हातारीने तिकडे मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. ती कधी शिळेवर आडवी व्हायची, कधी पाण्यात पाय सोडून बसायची. एकदा ती पदर खाली टाकून, मोकळ्या केसांनी नुसती फिरत होती. पाटलांनी मान दुसरीकडे वळवली.

आणि बाईंच्या भोवती मात्र सगळं गाव. एकीला पोराचं नाव ठेवायचं होतं, एकीला पोटात दुखत होतं, कोणाला लढाईवर गेलेल्या मुलाचं पत्र वाचून हवं होतं, कोणाला ख्रिस्ती लोक दिवाळी का करत नाहीत ते विचारायचं होतं. बाई, बाई, बाई. शाळेत होत नव्हता तेवढा पुकारा तिथे झाला. त्यांनी एकालाही परत पाठवलं नाही. रविवारी सकाळी मास्तरांच्या घरी उपासना झाली, तिला बाई आल्या नाहीत. काहिलीवरच बसून त्यांनी प्रार्थना केली, आणि डोळे उघडे ठेवून प्रार्थना करताना मी त्यांना त्याच दिवशी पाहिलं.

मध्ये एकदा कोणी नव्हतं तेव्हा मी विचारलं, "तुम्हाला तिथे कसं वाटलं, ते तरी सांगा. तेवढी एक दुपार तर मिळाली."

बाई म्हणाल्या, "सुरुवातीला नुसत्या हाका ऐकू येत होत्या, या बांधावरच्या. मग मी छत्री हलवली, हे सगळे गप्प झाले. आणि मला पुन्हा कोणीतरी हाक मारली. मी ओ दिली. मागे वळून बघते तर कोणी नाही. खरंच कोणी नव्हतं. मग मला रडू आलं." माझा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "वाईट नाही गं. फार बरं वाटलं म्हणून."

पुढच्या दोन वर्षांत ते तळं धड भरलं नाही, आणि त्यानंतर बाईंची दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेवर बदली झाली. हे अर्थात तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं.

रविवारी दुपारी म्हातारीने आपणहून पदर हलवला. बाई उठल्या, काहील सुलटी करायला लावली. म्हातारी फिरत फिरत अलीकडे आली, आणि काठाला लागण्याआधीच सुना, नातवंडं, गडी सगळे पाण्यात शिरले. आये, तितं काय केलं, आये, जीव कसा रमला, आये, हरभरा पेरला. म्हातारी त्यांच्यातून वाट काढत बाईंपाशी आली आणि सगळ्या गावादेखत तिने बाईंचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. मग घरच्यांनी तिला वेढून गावाकडे नेलं. तिच्या हातातली चरवी कोणीतरी घेतली, पडदा कोणीतरी मोटारीपर्यंत पोचवायला खांद्यावर टाकला, आणि गडी काहील डोक्यावर घेऊन गुऱ्हाळाकडे चालू लागला.

बांधावर आम्ही दोघीच राहिलो. समोर पाणी अगदी स्वच्छ होतं, त्यात टेकाड, त्यावर बाभूळ आणि ती शिळा. तिथे आता कोणीही नव्हतं. बाईंनी तिकडे एकदा नीट पाहून घेतलं, छत्री मिटली आणि ट्रंकेची एक कडी माझ्याकडे दिली.

"चल," त्या म्हणाल्या, "मोटार चुकेल."